बारातघरातल्या सकाळी

शिळ्या झेंडूचा वास मी कधी कवितेत आणला नाही. ताज्या फुलाला कवितेत जागा असते, निर्माल्यालाही असते. पण रात्रभर दिव्यांच्या झोतात उकडलेला, पहाटे कमानीवरून ओरबाडून कोपऱ्यात लोटलेला झेंडू कुणाच्याच ओळीत बसत नाही. त्याला एक आंबूस, किंचित गोड, ओल्या गोणपाटासारखा दर्प येतो. त्यात थिजलेल्या तुपाचा, तंबूवाल्याच्या सतरंज्यांचा आणि कुणाच्या तरी अंगावरून मागे राहिलेल्या अत्तराचा वास मिसळला, की मला आजही पोटऱ्यांत गोळे आल्यासारखं वाटतं. एक अख्खा हिवाळा मी त्या वासात घाम गाळला.

हिवाळा दिल्लीचा होता, म्हणजे बाहेरची हवा छातीत घेण्याजोगी नव्हती. आमच्या सरकारी वसाहतीच्या बागेत चालणारा बायकांचा व्यायामवर्ग दिवाळी उलटताच बारातघरात हलायचा. वऱ्हाडं उतरवायला आणि लग्नं लावायला बांधलेलं ते सभागृह. रात्री तिथे वरमाला पडत, सकाळी तिथे आम्ही रबराच्या चटया अंथरत असू. मंचावर वधूवरांची दोन सोनेरी सिंहासनं तशीच मांडलेली असत. त्यांवर आमच्या शाली, मफलर आणि घराच्या किल्ल्या बसत.

मी तिथे का गेले, ते आधीच सांगून टाकते. माझा धाकटा भाऊ नागपूरला महाविद्यालयात भूगोल शिकवतो. चाळिशी ओलांडलेला, अविवाहित, सुपारीचंही व्यसन नसलेला. कुठल्याशा जुन्या काविळीने त्याच्या रक्तात वर्षानुवर्षं गुपचूप मुक्काम ठोकला होता आणि त्याचं यकृत आतून जवळजवळ संपवत आणलं होतं. गुरुग्रामच्या एका मोठ्या रुग्णालयात त्याला आणलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की दुसरं यकृत मिळालं तरच पुढचं काही बोलता येईल. ते जिवंत माणसाकडूनही मिळू शकतं. एका यकृताचा भाग कापून दिला, तर दोन्ही शरीरांत तो पुन्हा वाढतो. आईचं वय झालेलं. रक्तगट जुळणारं आणि वयात बसणारं घरात एकच माणूस होतं. मी.

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की तो होकार माझ्या आतून आला की थोरल्या बहिणीच्या सवयीतून, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पण त्या होकाराचा उपयोग नव्हता. तपासणीत माझ्याच यकृतात चरबी साचलेली निघाली. वीस-बावीस वर्षं मंत्रालयाच्या खुर्चीत बसून इंग्रजीतली परिपत्रकं हिंदीत उतरवणाऱ्या बाईच्या शरीरात दुसरं काय निघणार! अशा अवस्थेत तुमचं यकृत घेता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. उपास करू नका, गोळ्या शोधू नका. खाणं बदला, रोज घाम गाळा, थंडी ओसरताना पुन्हा बघू. भाऊ तोवर तग धरेल का, या प्रश्नावर त्यांनी फक्त प्रयत्न करू असं सांगितलं.

म्हणजे माझ्या भावाचं आयुष्य माझ्या कमरेच्या घेराशी येऊन अडलं होतं. ही गोष्ट इतकी हास्यास्पद होती, की रुग्णालयातून परतताना टॅक्सीत आम्ही दोघंही हसलो. मग मी खिडकीबाहेर पाहत राहिले आणि तो डोळे मिटून बसला.

वर्ग घेणारी बाई मानेसरच्या अलीकडच्या एका गावातली, एके काळी हरियाणाकडून कबड्डी खेळलेली. तिला सगळ्या कोचजी म्हणत. आवाज शेतावरून शेतावर पोचणारा. पहिल्याच सकाळी तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि कार्तिकात घाईघाईने दाखल होणाऱ्या प्रत्येकीला विचारायचा प्रश्न मलाही विचारला, "शादी कब की है?"

मी म्हटलं, नागपूरहून भाऊ आलाय. एवढंच म्हटलं. पुढचं वाक्य माझ्या घशापर्यंत आलंही होतं. पण घरचं आजारपण अनोळखी लोकांसमोर उघडं करायचं नाही, हे आमच्या घरातलं वळण. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या सत्तरीच्या सरदारनी आंटीजींनी मागे वळून सगळ्यांना सांगून टाकलं की मराठी मॅडमच्या भावाचं लग्न आहे. बारातघरात उभ्या असलेल्या दिल्लीच्या बायकांना याहून वेगळं काही सुचणंच शक्य नव्हतं. तारीख निघाली का, असं कुणीतरी विचारलं. मी नाही म्हटलं. ते खरंच होतं.

कोचजींचा एक नियम होता, आणि मला वाटतं माझ्या शरीरात जे काही बदललं ते व्यायामापेक्षा त्या नियमाने बदललं. कुठलाही फेरा शेवटच्या बाईचा पुरा झाल्याशिवाय संपत नसे. ज्यांचं आधी झालं त्यांनी थांबायचं नाही, बसायचं नाही. जागच्या जागी पाय उचलत राहायचं. पहिले काही आठवडे ती शेवटची बाई मी होते. मी चटईवर हात टेकून, गुडघे छातीशी आणून मागे फेकण्याची कसरत करत असे, आणि माझ्याभोवती सगळ्या जणी धप्-धप्-धप् पाय आपटत माझी वाट पाहत असत. फरशीतून ती धपधप माझ्या तळहातांत चढे. कुणी रागावत नसे. आंटीजी तर पाय उचलता उचलता स्वेटरच्या टाक्यांची चर्चा करत. पण माझं शरीर हे इतक्या लोकांचं काम आहे, असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. लाज वाटे, आणि लाजेच्या तळाशी कुठेतरी एक ऊबही असे. दोन्ही एकदम कशी असू शकतात, हे मला कळत नसे.

शरीराबद्दल मी कितीतरी लिहिलेलं आहे. पण मांडीत स्नायू कुठे सुरू होतो हे मला ठाऊक नव्हतं. भूक म्हणजे काय, हेसुद्धा नव्हतं. आता सकाळच्या वर्गानंतर मी मोड आलेले मूग आणि किन्नूच्या, म्हणजे इकडच्या रसाळ संत्र्याच्या, चार फोडी खायची, तेव्हा त्या फळाची साल फोडताना उडणारा तुषार नाकात जाऊन डोळ्यांत पाणी येई आणि मला वाटे, इतकी वर्षं आपण नक्की काय खात होतो. झोप येऊ लागली, तीही तळ्यात दगड बुडावा तशी. एकदा मेट्रोचा सरकता जिना बंद होता. मी साधा जिना चढून वर आले, फलाटावर उभी राहिले, आणि गाडी आल्यावर लक्षात आलं की मी धापा टाकत नाहीये. आनंद झाला. पाठोपाठ दचकलेही. हा आनंद कुणाचा? मी हे शरीर घडवत होते ते दुसऱ्याला त्यातला तुकडा काढून देण्यासाठी. भाड्याच्या घराला रंग देताना भाडेकरूने किती हरखावं?

भाऊ माझ्याकडेच राहत होता. नवरा त्या वर्षी बदलीवर गुवाहाटीला, मुलगा बंगळुरूला शिकायला. घरात आम्ही दोघं बहीणभाऊ, खूप वर्षांनी. तो फार काही बोलत नसे. पाय सुजलेले असत, पोटात पाणी धरे, आणि रात्री अंगाला कंड सुटून तो खोलीभर फेऱ्या मारत राही. नवरा फोनवर म्हणाला, निर्णय तुझा, मी तुझ्यासोबत आहे. हे वाक्य इतकं चांगलं होतं, की त्यानंतर मला फार एकटं वाटलं. आई नागपूरहून रोज सकाळी बुद्धवंदना आटोपली की फोन करायची आणि पलीकडे कुणीतरी बसलेलं असायचं, त्याला सांगितलेलं मला ऐकू यायचं, की माझी लेक काळीज काढून देते आहे भावाला.

डिसेंबरात धुकं थोडं विरळ झालं तेव्हा भावाला ऊन हवंसं झालं. बारातघराच्या पायऱ्यांवर सकाळी कोवळं ऊन येई. तो शालीत गुरफटून तिथे येऊन बसू लागला, आणि वर्ग सुटला की बायकांच्या तावडीत सापडू लागला. नवरदेव म्हणून त्याची थट्टा सुरू झाली. मला वाटलं, तो आता खरं सांगेल. पण त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, प्रकार ओळखला, आणि तो खेळात उतरला. बहीण बारीक झाली नाही तर मी घोड्यावरच बसणार नाही, असं तो म्हणाला. मुलगी काय करते, असं विचारल्यावर म्हणाला, भूगोलाच्या मास्तराला होकार देणारी मुलगी नकाशावर शोधावी लागते. वर्गातल्या चुणचुणीत बायका खिदळत होत्या.

आंटीजींनी मात्र डोळ्यांवर हाताची झापड धरून त्याचं तोंड निरखलं. "पुत्तर, तू इतना पीला क्यों है?"

"हल्दी पहले ही लग गई, आंटीजी," तो म्हणाला.

पायऱ्यांवर हशा पिकला. आंटीजींनी त्याच्या गालावर हलकी चापट मारली. मीही हसले, आणि हसताना माझ्या पोटाचे स्नायू दुखले, कारण आदल्याच दिवशी कोचजींनी आमच्याकडून पोटाचे फेरे करून घेतले होते. घरी येताना मी त्याला विचारलं, सांगून का नाही टाकलंस. तो म्हणाला, इथे मला पहिल्यांदा कुणी आजारी समजत नाहीये, राहू दे की थोडे दिवस.

ते थोडे दिवस लांबले. पौषात आंटीजी मला जबरदस्तीने करोल बागेत घेऊन गेल्या. भावाच्या लग्नात बहिणीने नवं कोरं नेसलं नाही तर लोक काय म्हणतील, हा त्यांचा मुद्दा. मी नको नको म्हणत मेट्रोत बसले. बाजारात गल्ल्यांतून भुईमुगाच्या शेंगा भाजल्याचा वास आणि मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांतला ग्रीसचा वास एकमेकांत अडकला होता. आंटीजींनी माझ्यासाठी रामा रंगाचं कापड काढायला लावलं, त्यावर हात फिरवला, माझ्या खांद्यावर टाकलं आणि मला आरशासमोर उभं केलं. आरशातल्या बाईच्या गळ्याची हाडं दिसत होती. मान लांब झाली होती. ती बाई मला आवडली. इतकी आवडली, की आपण कुठे आलो आहोत, कुठल्या न ठरलेल्या लग्नासाठी आलो आहोत, सगळं क्षणभर पुसलं गेलं. मग शिंप्याने माप घ्यायला फीत माझ्या बरगड्यांभोवती वेढली आणि उजव्या बाजूला ती जिथे टेकली तिथे मला एकदम गार वाटलं. डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढून दाखवली होती, ती हीच जागा होती.

मी शिंप्याला म्हटलं, ब्लाउज सैल ठेवा. आंटीजी माझ्यावर करवादल्या. एवढी मेहनत करून सैल कशाला घालायचं, असं त्यांचं म्हणणं.

त्याच महिन्यात भावाला एका सकाळी बोलताना शब्द सापडेनात. चहाच्या कपाला तो किल्ली म्हणाला, मग माझ्याकडे पाहून आपण कुठे आहोत असं विचारलं. यकृत रक्त गाळेनासं झालं की विष मेंदूपर्यंत चढतं, हे मला सांगितलेलं होतं. रुग्णालयात काही दिवस काढून तो परत आला, अधिकच हलका, काडीसारखा. मी उतरवत होते ते वजन आणि त्याचं आपोआप गळत चाललेलं वजन, दोन्ही एकाच घरात. मी नव्या कपड्यांत उठून दिसत होते. वर्गातल्या बायका मला मार्ग विचारू लागल्या होत्या, काय खातेस, काय टाळतेस. कोचजी नव्या आलेल्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, यांच्याकडे बघा. आता फेऱ्यात मी शेवटची नसायची. दुसऱ्या कुणासाठी मी जागच्या जागी पाय आपटत उभी असे, आणि त्या धपधपीत मला एक सुख मिळे, ज्याचा भावाशी काही संबंध नव्हता. हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

माघ सरताना पुन्हा स्कॅन झाला. डॉक्टरीणबाई मराठी नव्हत्या, पण त्यांची हिंदी मऊ होती. पडद्यावर माझं यकृत दाखवत त्या म्हणाल्या की असं उतरलेलं क्वचित पाहायला मिळतं. चरबी जवळजवळ नाहीशी झाली आहे. पडद्यावरचा तो करडा, गुळगुळीत, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे निमुळता आकार मी पाहत राहिले. मला त्याचा अभिमान वाटला. मुलाचा निकाल हातात आल्यावर वाटतो तसा.

मग त्यांनी नर्सला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि प्रत्येक दात्याला एकट्याने सांगायची एक गोष्ट मला सांगितली. तुमची खरोखर इच्छा नसेल, तर ते मला सांगा, फक्त मला. आम्ही घरच्यांना एवढंच कळवू की तपासण्या जुळल्या नाहीत. का जुळल्या नाहीत, हे कुणालाही, कधीही कळणार नाही. हे तुमचं दार आहे, शेवटच्या क्षणापर्यंत उघडं.

हिवाळाभर मी ज्या तपासण्या जुळाव्यात म्हणून घाम गाळला, त्या आता एका शब्दावर न जुळलेल्या ठरू शकत होत्या. मी बसून राहिले. मला वाटलं होतं, मी ताडकन नाही म्हणेन, हे काय बोलता म्हणेन. तसं काही झालं नाही. मी त्या दारातून आत डोकावून पाहिलं. पलीकडे सकाळ होती, किन्नूची फोड होती, मेट्रोचा जिना होता, रामा रंगाचं कापड होतं. भाऊ त्यात कुठेच नव्हता, आणि ते मला दिसत होतं, तरीही मी लगेच मागे फिरले नाही. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. मी देईन, असं मी शेवटी म्हटलं. आवाज माझाच होता. पण होकारावर पूर्वी जसा सवयीचा शिक्का होता, तसा यावर नव्हता. यावर कुठलाच शिक्का नव्हता.

वर्गाला खरी गोष्ट माझ्याकडून कळली नाही. मी रुग्णालयात असताना भाऊ बारातघराच्या पायऱ्यांवर गेला होता आणि आंटीजींनी तारीख निघाली का विचारल्यावर त्याने सरळ सांगून टाकलं होतं, की निघाली, पण लग्नाची नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा सभागृहात कुजबुज थांबली. कोचजींनी मला बाजूला घेतलं आणि रागानेच विचारलं की मी आधी बोलले का नाही, त्या मला इतक्या उड्या मारायला लावत होत्या. मग त्यांनी माझा दंड दाबून पाहिला, जशी विकत घेण्याआधी कुणी जनावराची मांडी पाहतं, आणि मान हलवली. "पक्की है आप."

आंटीजी खाली वाकल्या आणि त्यांनी माझ्या पायांना हात लावला. सत्तरीची बाई. मागोमाग आणखी दोघी वाकल्या. कुणीतरी मला देवी म्हणालं.

आमच्या घरात देवी नाहीत. आम्ही कुणाच्या पाया पडत नाही, पडू देत नाही. आईने हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. मी आंटीजींचे हात धरून त्यांना उठवलं. त्यांना जे दिसत होतं ते मी नव्हते. बंद दाराआड मी किती वेळ गप्प बसले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते त्यांना सांगावं असं वाटलं, आणि सांगून त्यांची ओली नजर कोरडी करावी असं मुळीच वाटलं नाही. त्या सकाळी आम्ही नेहमीचेच फेरे केले. सगळ्यांचं आधी संपलं, मी मुद्दाम रेंगाळले, आणि त्या सगळ्या जणी माझ्यासाठी पाय आपटत राहिल्या.

त्यानंतर रुग्णालयाच्या समितीसमोर बसणं आलं. एका लांब टेबलापलीकडे चार-पाच माणसं, बाजूला तिकाटण्यावर कॅमेरा. तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का, नाही. धोका समजला आहे का, हो. स्वखुशीने देता आहात का, हो. माझी उत्तरं स्वच्छ होती. आयुष्यभर इतरांची वाक्यं उतरवणाऱ्या बाईला स्वच्छ उत्तरं देणं जड जात नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते वाचणाऱ्याला हवं असतं. शस्त्रक्रिया झाली. दोघंही जगलो. भाऊ नागपूरला परतला, तो पुन्हा नद्यांची खोरी शिकवतो. माझ्या उजव्या बरगडीखाली शिवणीची एक लांब रेघ आहे, थंडीत ती ओढते. आतला तुकडा परत वाढला असं स्कॅन सांगतो. मी पुन्हा व्यायामाला जाते. बायका माझ्याकडे पाहताना अजून किंचित आवाज खाली आणतात, त्याची मला सवय झालेली नाही.

पण मला आठवत राहते ती आदली संध्याकाळ. आम्हाला शेजारशेजारच्या खोल्या दिल्या होत्या. नर्सने रक्त नेलं, नखांवरचा रंग पुसून घेतला, आणि मी निळा झगा घालून भावाच्या खोलीत जाऊन बसले. खिडकीखाली महामार्गावर गाड्यांचे दिवे लागले होते, लाल एकीकडे, पांढरे दुसरीकडे. खोलीत स्पिरिटचा आणि उकडलेल्या दुधीचा वास होता. तो उशीला टेकून बसला होता. डोळ्यांतला पिवळेपणा संध्याकाळच्या उजेडात तांब्याच्या पैशासारखा दिसत होता.

"समितीने काय विचारलं तुला?" तो म्हणाला.

"स्वखुशीने देतेस का, विचारलं."

"मग?"

"हो म्हटलं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. लहानपणापासून तो असाच पाहतो. उत्तर मिळाल्यावरही नजर काढून घेत नाही. मला वाटलं, आता खोटं बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि खरं बोलण्यासारखंही फार नाही.

"मला कळत नाही रे," मी म्हटलं. "मी मागे हटणार नाही. उद्या जाणार आहे आत. पण मला द्यायचंय की नाही, हे मला खरंच कळत नाही."

म्हटलं, आणि लगेच ते वाक्य परत तोंडात घ्यावंसं वाटलं. ज्याला जगायचं आहे त्याच्यासमोर असं कुणी बोलतं का? बाहेर व्हरांड्यात जेवणाची गाडी खडखडत गेली. तो खिडकीकडे वळला, महामार्गाकडे पाहत राहिला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या सगळ्या महिन्यांत मला जो तो विचारत आला होता, देशील का, नक्की देशील का. कॅमेरा लावून विचारलं, दार लावून विचारलं. घ्यायचं आहे का, हे त्याला कुणी एकदाही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्याने मान वळवली, माझा हात आपल्या सुजलेल्या हातात घेतला आणि म्हणाला, "मलाही नाही कळत."